जिवंत साठा

मामांचे केस कापायचे ठरले की आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी डोक्याला कात्री लावायची नाही, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. त्यातून अमावस्या, एकादशी, संकष्टी आणि घरातल्यांचे जन्मवार गाळले की महिन्याकाठी जेमतेम तीन-चार दिवस निघतात. त्यातल्या एकाला मामा पेन्सिलीनं गोल करतात आणि आदल्या संध्याकाळी मामींना सांगतात, "उद्या कटिंग आहे." पाटबंधारे खात्यात असताना "उद्या ऑडिट आहे" हे ते याच आवाजात सांगायचे.

लातूरला त्या खात्यात मामा बडे बाबू होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खात्याची भाषा तोंडातून गेलेली नाही. डोक्याचा वरचा भाग केव्हाच उघडा पडला. त्याला ते मृत साठा म्हणतात. एका कानावरून निघून मानेला वळसा घालत दुसऱ्या कानापर्यंत जी पट्टी उरली आहे, तो जिवंत साठा. माणसाचा केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे हिशोबच मांडला तर हा सगळा खटाटोप त्या पट्टीवरच्या सव्वा सेंटीमीटरसाठी. पण शिल्लक कमी आहे म्हणून ऑडिट कधी टळलंय का?

सलूनला निघताना आरशासमोर उभं राहून दोनदा कंगवा फिरवणं आपण सगळेच करतो. मामांचं प्रकरण त्याच्या फार पुढचं आहे. न्हाव्यानं आपलं डोकं पाहून मनातल्या मनातसुद्धा नाक मुरडू नये, अशी त्यांची तयारी असते. हा माणूस स्कूटर सर्व्हिसिंगला टाकण्याआधी धुऊन-पुसून घेतो. भांडेवाली यायच्या आत भांडी विसळून ठेवतो. रक्तदाब दाखवायला जाण्याआधी अर्धा तास डोळे मिटून पडतो आणि डॉक्टरांना "सगळं नॉर्मल आहे" म्हणायला लावूनच परततो. ज्याच्याकडं दुरुस्तीला जायचं त्याला बिघाड दिसता कामा नये, हे त्यांच्या आयुष्याचं सूत्र.

अकरावी-बारावीला लातूर पॅटर्नच्या नादानं मी मामांकडं राहायला होतो, त्यामुळं ही तयारी मला जवळून पाहायला मिळाली. माझी बोर्डाची तयारी एवढी कधी झाली नाही.

आदल्या रात्री तेल. पॅराशूटची निळी बाटली थंडीत थिजलेली असायची, मग ती गरम पाण्याच्या तपेलीत उभी करायची. तेल वाटीत घेऊन मामा ते डोक्यात मुरवायचे. जिवंत साठ्यात आणि मृत साठ्यातही. मृत साठ्याला तेल कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाळ काढला, ओल ठेवली, तर पाणी पुन्हा येतं. आशा सोडायची नसते." सकाळी शिकेकाई उकळलेली. लातूरच्या बोअरचं पाणी जड; काळ्या खडकातून शेकडो फूट खालून ओढलेलं, क्षारांनी भरलेलं. साबणाला फेस कमी आणि चोथा जास्त. त्या पाण्यानं डोकं धुतलं की केस हाताला भरभरीत लागतात. म्हणून पहिली दोन पाणी बोअरची आणि शेवटचं मांजरा धरणाचं, म्हणजे नळाचं. नळ कधी यायचा ते नळालाच माहीत, पण आला की त्यातली एक कळशी मामा मोरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवायचे. तिच्यावर खडूनं 'क' लिहिलेलं असायचं. चहाला पाणी कमी पडलं तरी ती कळशी हलायची नाही.

मग मान. मान आणि कानांच्या मागची बाजू ते घोसाळ्याच्या वाळक्या जाळीनं लाल होईपर्यंत घासायचे, कारण न्हावी कॉलर आत दुमडतो तेव्हा त्याला जे दिसतं ते घरच्यांनाही कधी दिसत नाही. कॉलरसोबत बनियनही दिसतो. म्हणून कटिंगचा बनियन वेगळा होता. लग्नाकार्यालासुद्धा मामा तो घालत नसत, "लग्नात कोण बनियन बघतंय?" असा सवाल. कानांतून बाहेर डोकावणारे केस मामींच्या शिवणाच्या कात्रीनं काढायचे, नाकातले चिमट्यानं. दाढीही घरीच. आणि सगळ्यात शेवटी, जिवंत साठ्यात पांढरं दिसायला लागलं असेल तर, गोदरेजची काळी पुडी.

या पुडीवरून घरात दरमहा एकच संवाद व्हायचा. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "अहो, आता काळं करायचं आणि तासाभरात कापून खाली टाकायचं. मग पांढरंच कापा की!" मामा ब्रश थांबवून म्हणायचे, "खाली पडलं तरी ते कुणाच्या डोक्यातलं पडलं हे दुकानात सगळ्यांना कळतं." याला मामींकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नसेल.

केस वाळले की भांग. इथं एक भानगड होती. मामांच्या डोक्यात मागं दोन भोवरे आहेत, आणि दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात हे गावाकडं बाळ जन्मल्याबरोबर सांगून टाकतात. एक लग्न करून, ते धडपणे निभावूनही मामांच्या मनातून तो दुसरा भोवरा गेला नाही. कंगव्यानं, पाण्याच्या बोटानं, वरून दोन थेंब तेल लावून ते त्याच्यावर शेजारचे केस ओढून बसवायचे. रात्रीचं तेल शिकेकाईनं काढायचं आणि सकाळी पुन्हा दोन थेंब लावायचे, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. माळेगावच्या यात्रेत घोडा विक्रीला काढण्याआधी त्याला न्हाऊ घालतात, खरारा करतात, आयाळ-शेपटी विंचरून गळ्यात माळा घालतात. तसंच हे होतं, फक्त घोडा आणि मालक दोन्ही मामाच.

दुकान गंजगोलाईच्या एका गल्लीत. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, हे लातूरचा प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या अर्ध्या तासात सांगतोच. मामांना त्यातल्या प्रत्येक रस्त्याचा वारा माहीत होता. मार्चमध्ये अमुक रस्त्यानं धूळ येते, पावसाळ्याच्या तोंडाला तमुक रस्त्यानं झोत सुटतो. स्कूटर घरी ठेवून ते सावलीच्या बाजूनं पायी निघायचे, घाम येणार नाही अशा बेतानं. मी सोबत असलो तर वाऱ्याच्या बाजूला मला चालवायचे.

आणि मग जगातली सगळ्यात क्रूर गोष्ट घडायची. बापू, म्हणजे त्यांचा नेहमीचा न्हावी, पांढरं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळायचा, फवाऱ्याची बाटली उचलायचा आणि फुस्स-फुस्स करून ते सगळं बांधकाम दोन मिनिटांत भिजवून टाकायचा. मग उलट्या दिशेनं कंगवा. मामा डोळे मिटून घ्यायचे. दुसरा भोवरा उघडा पडलेला असायचा.

बापूनं त्यांना कितीतरी वेळा समजावून सांगितलं होतं. "मामा, तेल लावून येऊ नका वो. केस चिकटून बसतेत, कात्री घसरती. मशीनमधी तेल-केस गेले की पातं जाम होतंय. आन् घट्ट भांग पाडून आलं की केस मूळचा कुठं पडतो ते कळत नाही मला. जसं रोज ऱ्हाताव तसंच या की." त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. धुतलेला, वाळलेला, बिनतेलाचा आणि न विंचरलेला केस कारागिराला सगळ्यात सोयीचा. ओला केस ओढला की लांबतो आणि वाळला की आखडतो. ओल्यावर बेतानं कापलं नाही तर घरी जाईस्तोवर कान उघडे पडतात. दुसरा भोवरा झाकून आणला तर तिथले केस अंदाजानंच कापावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ते शेंडीसारखे उभे राहतात. मामांचे नेमके तेवढेच केस महिनाभर उभे असायचे. ते दाबून बसवण्यासाठी पुन्हा तेल.

मामा मान हलवून सगळं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच जायचे. मला वाटतं, बापूलाही ते मनातून आवडत असावं. दिवसभर घामेजलेली, धुळीची, हेल्मेटमध्ये शिजलेली डोकी हाताळणाऱ्या माणसाकडं कुणीतरी आंघोळ करून, नवा बनियन घालून येतं. खुर्चीवर बसवताना तो मामांपुरती गादी झटकायचा.

या सगळ्याचं मूळ निलंग्याकडच्या गावात आहे. मामांच्या लहानपणी तिथं सलून नव्हतं. गावचा वारीक धोकटी घेऊन घरोघर यायचा, लिंबाच्या झाडाखाली पोरांना रांगेनं बसवायचा, पाण्याची वाटी, वस्तरा, कात्री, चामड्याचा पट्टा, तुरटी मांडायचा. पैसे कुणी देत नसे. सुगीला खळ्यावरून बलुतं जायचं. तो नुसते केस कापत नसे. सांगावे न्यायचा, लग्नाची आवतणं द्यायचा, कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कुणाचं काय बिनसलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक. माझी पणजी म्हणजे मामांची आजी फार खमकी. तिचा हिशोब सरळ होता: आपल्या पोराच्या डोक्यात ऊ निघाली तर ती या लिंबाखालून निघून दुपारपर्यंत पाटलाच्या वाड्यात पोचणार. म्हणून वारीक यायच्या आदल्या दिवशी ती सगळ्या नातवंडांची डोकी राखेनं, शिकेकाईनं घासून, बारीक फणीनं विंचरून काढायची. घराची अब्रू त्या फणीच्या दातांतून जायची. मामा त्या परीक्षेत कधी नापास झाले नाहीत, आणि पुढंही व्हायचं नाही हे तेव्हाच ठरलं असणार.

माझं जावळ मामांच्या मांडीवर झालं, रिवाजाप्रमाणं. आई सांगते, त्याआधी मामांनी मला दोनदा न्हाऊ घातलं होतं. सगळेच केस उतरवायचे होते, तरी.

या तयारीला ते धार्मिक आधारही देतात. बापूच्या दुकानात आरशाच्या वर संत सेना महाराजांचा फोटो आहे. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते. महिपतींच्या भक्तिविजयात त्यांची कथा आहे: सेना महाराज पूजेत गुंतलेले, राजाचं बोलावणं येतं, ते जात नाहीत, तेव्हा त्यांच्या रूपात विठ्ठलच धोकटी काखेत मारून राजाची सेवा करायला जातो, आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसतं. या कथेतून लोक भक्तीचा महिमा काढतात. मामा दोन वेगळेच मुद्दे काढतात. एक, देव दिसला तो तेलाच्या वाटीत, तेव्हा तेलाला नावं ठेवायचं काम नाही. दोन, खुर्चीमागं उभा असलेला माणूस नक्की कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, तर डोकं मळकं घेऊन जायचं कशाला?

2016 चा उन्हाळा मात्र या नेमाच्या मुळावर आला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात कलम 144 लागलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. मामा ती बघायला गेले आणि परत येऊन दिवसभर बोलले नाहीत. आयुष्यभर दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरात, पाणी मोजलेल्या माणसाला लिटरमध्ये मोजावं लागणं जड गेलं असावं. मामींनी घरातलं पाणीवाटप हाती घेतलं. 'क'ची कळशी स्वयंपाकघरात गेली आणि डोक्यासाठी मंजूर झाला एक तांब्या.

मामांनी त्या एका तांब्याचं आवर्तन बसवलं. शिकेकाई बाद, कारण ती धुऊन काढायला पाणी लागतं. तांब्याच्या तीन पाणीपाळ्या केल्या. पहिलं पाणी मानेला, कारण "टेलला आधी पाणी द्यायचं, हेडवाले आपोआप घेतात. आमच्या खात्याचं सगळं वाटोळं इथंच झालं." दुसरी पाळी कानांच्या वर. तिसरी भोवऱ्यावर. मृत साठ्यावरून भिजवलेली दस्ती फिरवायची. बसायचं घमेल्यात, आणि घमेल्यातलं पाणी जास्वंदीला. हे सगळं एवढ्या काटेकोरपणे चाललं होतं की मीही अभ्यास सोडून दारात उभा राहून बघायचो.

त्या दिवशी ते ओल्या केसांनी बापूच्या दुकानात गेले, मी बरोबर होतो. दुकानात चार-पाच जण 'एकमत' वाचत बसलेले. पहिल्या पानावर पाण्याचीच बातमी. सगळ्यांनी पेपर खाली केला आणि मामांच्या डोक्याकडं पाहिलं. एप्रिलच्या त्या आठवड्यात लातूरमध्ये ओलं डोकं म्हणजे श्रीमंती होती. एक जण शेवटी बोललाच, "मामा, तुमच्याकडं टँकर येतो काय वो?" दुसरा म्हणाला, "खात्यातले हैत ते. त्यांचं पाणी वेगळं असतंय." मामांचा चेहरा कसनुसा झाला. बापूनं मात्र फवाऱ्याची बाटली उचलून परत खाली ठेवली. "डोकं भिजवून आलाव ते लई बरं केलंव मामा. माझी बाटली वाचली." घरी आल्यावर मामांनी हे वाक्य मामींना शब्दशः सांगितलं, आणि टँकरवालं वाक्य गाळलं. पुढच्या महिन्यापासून ते केस कोरडे करून, वरून पावडरीचा हात फिरवून जायला लागले, म्हणजे पाणी वापरल्याचा पुरावा राहू नये.

बारावीचा निकाल लागल्यावर मी त्यांना औसा रोडवरच्या एका वातानुकूलित सलूनमध्ये नेलं. माझ्या खिशातून. तिथं खुर्च्यांवर शिकवणीची पोरं बसलेली, प्रत्येकाच्या मोबाईलवर कुठल्या तरी क्रिकेटरचा फोटो, "असंच पाहिजे, साईडला झिरो." मामांकडं फोटो नव्हता, तयारी होती, त्यात सगळ्यात नवा बनियन. टी-शर्टवाल्या मुलानं त्यांना नम्रपणे आत नेलं, मान मागं टाकायच्या बेसिनवर झोपवलं आणि कोमट पाण्याचा नळ सोडला.

मामा ताडकन उठले. "हे काय करायलाव?"

"हेअर वॉश, अंकल. कटिंगच्या आधी असतो."

"अहो पण मी धुऊन आलोय! दोनदा!"

"असू द्या अंकल. पॅकेजमध्ये आहे."

इतका अपमान त्यांचा नोकरीतसुद्धा झाला नसेल. परीक्षेला जावं आणि परीक्षकानं पेपर न तपासताच सगळ्यांना सारखे गुण वाटावेत! केस तिथं छान कापले, दोन्ही भोवरे नीट बसले, पण मामा पुन्हा त्या रस्त्याला गेले नाहीत. "तिथं मळका गेला काय आणि स्वच्छ गेला काय, सारखंच. मग जायचं कशाला?"

2020 साली काळानं त्यांना न्याय दिला. टाळेबंदीत सलून बंद पडली ती राज्यात 28 जूनला उघडली, तीही वेळ ठरवून, आणि केस कापायला-रंगवायला, दाढी बंदच. बापूचा फोन आला, "मामा, डोकं घरून धुऊन या. टॉवेल आपला आपला आणा." मामांनी त्याला थांबवलं, फोन स्पीकरवर टाकला, मामींना हाक मारली आणि म्हणाले, "बापू, काय म्हणालास? पुन्हा बोल."

परवा माझ्या बहिणीचं लग्न नांदेडला झालं. नवरीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, म्हणजे फोटोत मामा पहिल्या रांगेत. त्यांनी लातूरचा रविवार गोल करून ठेवला होता, पण तो अमावस्येनं खाल्ला. निघेपर्यंत दुसरा वार जुळला नाही आणि नांदेडच्या अनोळखी न्हाव्याकडं जायची पाळी आली. बापूला निदान जिवंत साठ्याचा इतिहास ठाऊक होता. इथं सगळं नव्यानं सिद्ध करायचं. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी एस.टी. खिडकीतून धूळ घेत आली, तेव्हा मामा डोक्याला उपरणं गुंडाळून बसले होते. उतरल्याबरोबर आईला म्हणाले, "माई, पाणी विष्णुपुरीचंच ना?" धो-धो पाणी, साबणाला फेस. बाथरूममधून ते तासभर बाहेर आले नाहीत.

मग केस वाळवायला गच्चीवर गेले. आमचं घर चिखलवाडीला, गुरुद्वारा जवळच. शेजारच्या गच्चीवर आमचे सरदारजी केस धुऊन उन्हात बसले होते. कमरेखाली पोचणारे केस, हातात लाकडी कंगा, एकेक बट सोडवणं चाललेलं. नांदेडच्या आम्हा लोकांना यात नवल नाही. मामा कठड्याला टेकून बघतच राहिले. थोड्या वेळानं माझ्या कानात म्हणाले, "शंभर टक्के भरलेला प्रकल्प. सांडव्यापर्यंत."

बोलणं सुरू झालं. कटिंगला निघालोय म्हटल्यावर सरदारजी हसले. मामांनी आपलं ठेवणीतलं प्रकरण काढलं, सेना महाराजांची तेलाची वाटी. सरदारजींनी कंगा थांबवला. "सैण भगत? उनकी बाणी हमारे गुरू ग्रंथसाहिब में है, मामा. धनासरी राग में. नामदेवजी के तो साठ से ऊपर सबद हैं." 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावात ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली, हे मामांना माहीत होतं, सचखंडला त्यांनी किती वेळा माथा टेकलाय. पण जे लोक आयुष्यात केसाला कात्री लावत नाहीत त्यांच्या ग्रंथात एका न्हाव्याचं पद आहे, हे त्यांना नवीन होतं. उत्तरेकडं सैण भगतांना बांधवगडचे मानतात, आपल्याकडं ते वारकरी. मामांनी तो वाद घातला नाही. ते दुसऱ्याच विचारात होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "सरदारजी, आप को दुकान में तो जाने का नहीं. फिर इतना धोते किसके वास्ते?"

सरदारजींना प्रश्नच कळला नाही. "रोज का काम है मामा," असं म्हणून ते पुढची बट विंचरायला लागले.

मामा खाली आले आणि भांग पाडायला बसले. अनोळखी दुकान म्हणून त्या दिवशीचा भांग खास होता. कानांवरचे केस मागं घेऊन, पाण्यानं दाबून, मानेवरची टोकं आत वळवून. भोवऱ्यावर तर त्यांनी एवढं नाजूक काम केलं की मी शोधूनही तो सापडला नाही. इस्त्रीचा सदरा, बनियन. वजिराबादेत एका दुकानात गेलो. बाकावर 'प्रजावाणी', खुर्चीशी पंचविशीचा एक कारागीर. त्यानं मामांना बसवलं, कापड टाकलं, फवारा हातात घेतला. मग थांबला. डोकं डावीकडं वळवून पाहिलं, उजवीकडं वळवून पाहिलं. मानेवरून बोट फिरवलं.

"चाचा, कटिंग तो हो गई आप की. कल कराये क्या?"

मामा आरशात त्याच्याकडं बघत राहिले.

"जिसने बी बनाया, मस्त बनाया. इसमें मैं क्या करूँ? एक बाल बी जादा नै." त्यानं गालाला हात लावला. "दाढी बी हो गई."

मी सांगणार होतो की हे सगळं पाण्यानं दाबून बसवलंय, फवारा मारून बघ. पण मामांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि जीभ चावली. पणजीच्या लिंबाखाली जे गुण मिळायचे राहिले होते ते सगळे आज एकदम पदरात पडले होते. "घरी केलंय," ते हळूच म्हणाले.

"तो फिर चंपी कर देऊँ?"

नाही म्हणायचं मामांच्या अंगात उरलं नव्हतं. त्या पोरानं तेल ओतून वीस मिनिटं डोकं असं काही रगडलं की भांग गेला, भोवरे उठले, कानांवर केस आले आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर तेलाचे डाग पडले. मामांनी वर दहा रुपये जास्त दिले.

घरी मामी दारातच उभ्या. "हे काय? कापले कुठं?"

"कारागीर म्हणाला, गरजच नाही."

"गरज नाही? दादा, आरशात बघ रे," आई म्हणाली. "उद्या फोटोत कान तरी दिसणार आहेत का?"

मामा उत्तर न देता टॉवेल घेऊन बाथरूमकडं निघाले.

"आता कशाची आंघोळ?" मामी म्हणाल्या. "एक केस कापला नाही."

"दुकानात बसून आलोय, तसाच घरभर हिंडू काय? आणि सात वाजता दुसऱ्या दुकानात जायचंय. तिथं काय हे असं तेलकट डोकं घेऊन जाऊ?" आतून नळ सुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "माई, शिकेकाई कुठं ठेवतेस तू?"